हेड उतरवण्याआधी : जुन्या गाडीच्या कम्प्रेशनविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात जुन्या पेट्रोल गाड्यांच्या घटत्या ताकदीविषयी लिहिताना ‘इंजिन खोलण्याआधी कम्प्रेशन पाहून घ्यावे’ असे एक वाक्य आम्ही ओघात लिहून गेलो होतो. कम्प्रेशन म्हणजे पिस्टनने सिलिंडरमध्ये हवा दाबल्यावर तयार होणारा दाब. ते कसे पाहावे, याविषयी मात्र तेथे काहीच लिहिलेले नव्हते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे आणि त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आम्ही अजून वापरात ठेवली आहे. वर्षभरापासून ती गायमुखच्या चढावर धापा टाकते. मिस्त्री म्हणतात की कम्प्रेशन गेले आहे, हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवून, बोअर करून (सिलिंडरची भोके कातून मोठी करून) रिंग-पिस्टन बदलावे लागतील. मोठ्या खर्चात पडण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून मी कम्प्रेशनचा मीटर विकत आणला. मुलाच्या मदतीने सोसायटीच्या आवारातच तपासणी करण्याचा विचार आहे. परंतु पेट्रोलचा संबंध असल्याने घरातून विरोध होत आहे. ही तपासणी घरी सुरक्षितपणे करता येते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : करता येते, पण घरच्यांचा विरोध निराधार आहे असे समजू नका. या तपासणीत आपण प्लग काढून इंजिनाला भोके पाडून ठेवतो, सेल्फ मारून ते फिरवतो आणि कार्ब्युरेटरमधून येणारे पेट्रोलमिश्रित वारे त्या भोकांतून थेट तोंडासमोर बाहेर सोडतो. त्याच वेळी वीतभर अंतरावर कॉइल हजारो व्होल्टची ठिणगी तयार करत असते. म्हणून पेट्रोल बंद, ठिणगी बंद आणि गाडी जागची हलणार नाही, या तीन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय मीटर हातात घेऊ नये.

सुरुवात जागेपासून करू. सोसायटीचे आवार उघडे असेल तर उत्तमच. बंद गॅरेजमध्ये मात्र हे काम करू नका, कारण तपासणीआधी इंजिन गरम करून घ्यावे लागते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. जमीन सपाट असावी, हॅण्डब्रेक ओढलेला असावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे असावेत. आपल्या पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगवर असेल, तर न्यूट्रलविषयी जास्त सावध राहावे लागेल. चाळीस वर्षांच्या जोडकाड्या झिजलेल्या असतात. दांडा न्यूट्रलमध्ये दिसतो, आत मात्र गिअर अडकलेला असतो. दांडा दोन्ही बाजूंना सैल हलतो का ते पाहा आणि मग ठोकळे लावण्याआधी हॅण्डब्रेक सोडून गाडी हाताने ढकलून पाहा. ती सहज हलली तरच न्यूट्रल खरे. कित्येक जण बॉनेटखालूनच सेल्फ मारता यावा म्हणून वेगळे बटण जोडतात. ते सोयीचे असते. परंतु गाडी चुकून गिअरमध्ये राहिली तर ती समोर उभ्या असलेल्या माणसावरच उडी मारते. दुसरा माणूस उपलब्ध असताना त्याने चालकाच्या जागेवर बसावे, किल्ली त्याच्याच ताब्यात असावी आणि आपण मोठ्याने ‘मार’ म्हटल्याशिवाय त्याने किल्लीला हात लावू नये, हीच पद्धत आम्हाला पसंत आहे.

प्लगविषयी बहुतेक पुस्तके एकच वाक्य लिहितात : इंजिन गरम असताना प्लग काढा. कारण बरोबर आहे. गरम इंजिनात पिस्टन व रिंगा आपापल्या खऱ्या मापाला फुगलेल्या असतात आणि भिंतींवर तेलाचा थर असतो, त्यामुळे आकडा खरा मिळतो. अडचण अशी की पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. वर्षानुवर्षे न काढलेला पोलादी प्लग तापलेल्या ॲल्युमिनियममधून जोर लावून काढला, तर प्लगबरोबर आटेही बाहेर येतात आणि ज्या हेडला हात लागू नये म्हणून ही खटपट, तेच उतरवावे लागते. यावर उपाय असा की आदल्या संध्याकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, प्रत्येक प्लग पाव फेरा सैल करून पाहावा. अडत असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबावे. प्लगभोवतीची माती तेव्हाच फुंकून आणि ब्रशने झाडून काढावी. डोळ्यांवर चष्मा असू द्यावा. प्लग परत घट्ट बसवून दुसऱ्या दिवशी इंजिन नेहमीच्या तापमानापर्यंत चालवावे, बंद करावे आणि व्हॉल्व्हच्या झाकणावर तळहात ठेवता येईल इतके निवू द्यावे. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. एवढ्या वेळाने इंजिन पुरेसे कोमट राहते, पण एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड मात्र अजून चटका देण्याइतका तापलेला असतो, याचे भान ठेवावे. रेडिएटरच्या झाकणाला या तपासणीत हात लावण्याचे काहीच कारण नाही.

तारा काढण्याआधी प्रत्येक तारेवर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहा. पद्मिनीचा जळण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे आणि तारा उलटसुलट बसल्या की चांगले इंजिनही खोकू लागते. अशा खोकल्याला कम्प्रेशनचा दोष समजून गाडी गॅरेजमध्ये ओढत नेलेली आम्ही पाहिली आहे.

आता ठिणगी. डिस्ट्रिब्यूटरची मधली जाड तार उपटून बाजूला ठेवणे, ही गॅरेजमधली रूढ पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. तार मोकळी लोंबत असली तरी कॉइल आपले काम करतच राहते. तिचा दाब जवळच्या लोखंडाकडे उडी मारतो, नाहीतर कॉइलच्याच आतले आवरण फोडतो. त्याऐवजी किल्लीकडून कॉइलकडे येणारी बारीक तार काढावी आणि तिचे टोक चिकटपट्टीने पूर्ण गुंडाळावे, कारण किल्ली फिरवल्यावर त्या टोकात बॅटरीचा प्रवाह येतो आणि ते बॉडीला टेकले तर तेथेही ठिणगी पडते. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चालू इग्निशनच्या आसपास वाकू नये.

पेट्रोल थांबवताना होणारी चूक याहून गंभीर आहे. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्याच कॅमवर चालतो, म्हणजे सेल्फ मारला की पंपही चालतो. पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून ठेवली, तर प्रत्येक फेऱ्याला पेट्रोलची चिळकांडी कोमट इंजिनावर उडेल. म्हणून टाकीकडून पंपाकडे येणारी नळी काढावी आणि तिच्या तोंडात जुळेलसा बोल्ट घालून क्लिप आवळावी, म्हणजे टाकीतले पेट्रोल ओघळणार नाही. नळी काढताना सांडलेले थेंब चिंधीने टिपून ती चिंधी दूर नेऊन ठेवावी आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे. त्याच वेळी नळीचे रबर वाकवून पाहावे. या काळातल्या गाड्यांचे रबर आजच्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. त्यावर बारीक भेगा दिसल्या तर कम्प्रेशन राहू द्या, आधी नळी बदला. पेट्रोलच्या आगीला चालणारे पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे. पाण्याची बादली या कामी उपयोगाची नाही, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

पट्ट्यावरचा पंखा सेल्फबरोबर फिरतो. त्यामुळे ओढणी, साडीचा पदर, शर्टाची लांब बाही, गळ्यातली साखळी, घड्याळ यांपैकी काहीही बॉनेटखाली नको.

मीटर दोन प्रकारचे मिळतात. रबरी शंकू भोकावर दाबून धरायचा मीटर स्वस्त असतो, परंतु तो धरायला दोन्ही हातांचा जोर लागतो आणि तोंड नेमके भोकाच्या वर येते. आटे असलेला, नळीचा मीटर घ्यावा. बसवण्यापूर्वी त्याच्या आट्यांची लांबी प्लगच्या आट्यांशेजारी धरून पाहावी. मीटरचे टोक लांब असेल तर ते आत पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला भिडू शकते. मीटर हातानेच बसवावा, पाना लावू नये.

यापुढचे काम दहा मिनिटांचे आहे. चारही प्लग काढावेत, कारण एकच प्लग काढला तर उरलेल्या तिघांच्या दाबाविरुद्ध सेल्फ ओढत राहतो आणि वेग पडतो. चोक पूर्ण उघडा असल्याचे पाहून मुलाला ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवायला सांगावे. पुन्हा पुन्हा दाबला तर कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोल दर वेळी पिचकारीसारखे आत जाते, भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि आकडा खोटा कमी येतो. हवेत वाफ होते ती वेगळीच. आपण बाजूला उभे राहावे. उघड्या भोकांसमोर चेहरा नको. मीटरचा काटा प्रत्येक दाबाबरोबर उडी मारतो. अशा पाच-सहा उड्या मोजून थांबावे आणि चारही सिलिंडरना तेवढ्याच उड्या द्याव्यात. पहिल्या उडीचा आकडा आणि शेवटचा आकडा, दोन्ही कागदावर लिहावेत. सलग दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि दोन वेळांमध्ये त्याला उसंत द्यावी. बॅटरी आदल्या रात्री पूर्ण भरलेली हवी. चार्जर काढताना आधी त्याचे बटण बंद करावे, कारण भरून झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

आकड्यांचे वाचन असे करावे. चारांपैकी सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊणपटीहून खाली गेला असेल, तर तो सिलिंडर दोषी. दहा टक्क्यांचा फरक जुन्या इंजिनात असतोच, त्यासाठी कोणी हेड उतरवा म्हटले तर विचार करायला वेळ मागून घ्यावा. पहिली उडी छोटी आणि पुढे काटा हळूहळू चढत जाणारा असेल तर रिंगांवर संशय घ्यावा. पहिली उडी छोटी आणि नंतरही काटा तिथेच रेंगाळत असेल तर व्हॉल्व्हवर. चारही आकडे सारखेच कमी असतील, तर इंजिनाला दोष देण्यापूर्वी पाय खरोखर तळापर्यंत दाबलेला होता का आणि बॅटरी दमली होती का, हे दोन प्रश्न विचारावेत. आमचा अनुभव असा की असे ‘चारही गेलेले’ इंजिन पुष्कळदा दुसऱ्या तपासणीत बरे झालेले असते.

आकडे वाईट आले तरी पहिला खर्च टॅपेट तपासण्याचा, म्हणजे जवळजवळ शून्य. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यामधली, फट बुजली असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कम्प्रेशन तेथून निसटते. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. तिच्यासाठी भाग साठवणारी दुकानेही हळूहळू दुसऱ्या मालाकडे वळणार. बोअर एकदा मोठा केला की तो लहान होत नाही, तेव्हा हे इंजिन उगाच उघडू नये, एवढाच आमचा आग्रह आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून आमच्याकडे १९९७ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे. तिचे कम्प्रेशन गुणोत्तर ८.७ आहे. हवेचा दाब १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरला, तर ८.७ पटीने १२८ होतात. माझ्या मीटरवर मात्र १६५, १६० आणि १५८ असे आकडे आले. मित्राच्या मीटरवर त्याच दिवशी, त्याच गाडीवर १४५, १४१ आणि १३९ आले. दोन्ही मीटर बिघडलेले समजावेत का? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आपल्या गणितात एक गोष्ट राहून गेली आहे. सायकलच्या पंपाने चाकात जोराने हवा भरताना पंपाचे नळकांडे खालच्या टोकाला गरम लागते, हे आपण लहानपणी अनुभवले असेल. हवा झपाट्याने दाबली की तापते आणि तापलेल्या हवेचा दाब नुसत्या आकारमानाच्या हिशेबापेक्षा वाढतो. तापमान वाढलेच नाही असे धरले तर १२८ येतात आणि मीटर वातावरणाचा दाब वजा करून दाखवत असल्याने त्यावर ११३ दिसायला हवेत. उलट निर्माण झालेली सगळी उष्णता हवेतच राहिली असे धरून १.४ या घातांकाने हिशेब केला, तर मीटरवर २९० च्या आसपास आकडा निघतो. खरे इंजिन या दोन टोकांच्या मध्ये राहते. काही उष्णता सिलिंडरच्या भिंती घेतात, थोडी हवा रिंगांजवळून निसटते आणि मुख्य म्हणजे पिस्टन खालच्या टोकाला पोहोचून वर निघाल्यानंतरही हवा आत घेणारा व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो, त्यामुळे सेल्फच्या मंद गतीला आत घेतलेली थोडी हवा परत बाहेर जाते. आपले १६५ यात व्यवस्थित बसतात.

दोन मीटरमधला फरकही समजण्यासारखा आहे. मीटरच्या नळीच्या टोकाशी दाब धरून ठेवणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो दिसायला टायरच्या व्हॉल्व्हसारखा असला तरी त्याची स्प्रिंग बरीच हलकी असते. तो खराब झाल्यावर कोणी टायरचाच व्हॉल्व्ह तेथे बसवला, तर ती कडक स्प्रिंग उघडण्यातच काही दाब खर्च होतो आणि आकडा कमी दिसतो. मित्राच्या मीटरमध्ये असे झाले आहे का, ते पाहावे. तथापि एक गंमत लक्षात घ्या : आपल्या मीटरवर सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ९६ टक्के आहे आणि मित्राच्या मीटरवरही ९६ टक्केच आहे. निदान दोघांचेही एकच, आणि ते असे की इंजिन निरोगी आहे. एका आकड्याची तुलना पुस्तकातल्या आकड्याशी करण्यापेक्षा सिलिंडरची तुलना शेजारच्या सिलिंडरशी करावी, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

आपल्याच घरात पुढे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) मारुती आली, तर मात्र ठाण्याच्या वाचकांना सांगितलेली रीत तशीच वापरू नये. तेथे पेट्रोल पंप विजेवर चालतो; त्याचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतला दाबही उतरतो. ठिणगी बंद करताना कॉइलचा जोड काढावा. जाड तारा उघड्या ठेवून सेल्फ मारला तर कॉइलबरोबर नियंत्रण यंत्रणाही निकामी होऊ शकते. शिवाय विजेवरचा पंखा काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही अचानक फिरू लागतो, तेव्हा त्याचाही जोड सोडवावा.

प्रश्न : माझ्या जुन्या, १४८९ सीसीच्या ॲम्बॅसडरचे आकडे १२८, ८४, ८० आणि १२५ असे आले. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरमध्ये तेल टाकून पुन्हा पाहिले तर ८८ आणि ८३ आले. एक मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी) गेले, दुसरा म्हणतो व्हॉल्व्ह जळले. कोणाचे खरे मानावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी तेलाच्या परीक्षेविषयी, कारण ती पुष्कळ जण चुकीच्या मापाने करतात. चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून सोडावे. ते रिंगांभोवती पसरते आणि झिजलेल्या रिंगांची फट तात्पुरती बुजवते. आकडा भरपूर चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. न चढला तर हवा वरून, म्हणजे व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून जाते. अधिक तेल ओतले तर दबण्याची जागाच तेल व्यापते आणि आकडा खोटा चढतो. आणखी ओतले तर पिस्टन तेलावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण तेल दबत नाही. मीटर काढल्यावर पहिला सेल्फ मारताना ते तेल भोकातून कारंज्यासारखे उडते, म्हणून वर कापड टाकून दूर उभे राहावे.

आपल्याकडे तेलाने चार-तीन पीएसआयचाच फरक पडला, त्यामुळे रिंगा निर्दोष मानायला हरकत नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी पडले की त्यांच्यामधली गॅस्केटची अरुंद पट्टी जळली, हे अनुमान कोणत्याही इंजिनासाठी स्वाभाविक आहे. आपल्या पहिल्या मेकॅनिकने तेच केले. परंतु दुसऱ्यालाही आम्ही वेड्यात काढणार नाही. ॲम्बॅसडरचे हे इंजिन मूळ ब्रिटिश ‘बी सीरीज’ घराण्याचे असून त्याच्या हेडमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा धूर एकाच सामाईक मार्गाने बाहेर पडतो. त्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मध्ये उष्णता साठते. हेड बिडाचे असून व्हॉल्व्हच्या बैठका (मिटताना व्हॉल्व्ह जेथे टेकतो त्या कडा) त्याच बिडात कापलेल्या आहेत. पूर्वी पेट्रोलमधले शिसे त्या बैठकांना वंगणासारखे उपयोगी पडे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर तो आधार गेला. बैठक खोल खोल जाते, टॅपेटची फट बुजत जाते आणि एके दिवशी व्हॉल्व्ह नीट न टेकल्याने जळतो. सर्वांत तापणारे दोन व्हॉल्व्ह एकदमच जळणे म्हणूनच शक्य आहे.

वाद मिटवण्याचा मार्ग सोपा आहे. टॅपेट आधी मापात करून घ्यावेत. तरीही आकडे तेच राहिले तर दुसऱ्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडावी आणि कान द्यावा. तिसऱ्याच्या भोकातून फुसकारा आला तर गॅस्केट. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरमधून आला तर इनलेट व्हॉल्व्ह. पूर्ण थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून ठेवले आणि पाण्यात बुडबुडे आले, तर गॅस्केट पाण्याच्या वाटेकडेही फुटले आहे. हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावे आणि तेथेही एक काळजी घ्यावी : पिस्टन वरच्या टोकापासून किंचित जरी सरकलेला असला, तरी हवेच्या दाबाने इंजिन एकदम गर्रकन फिरते. क्रँकच्या नटावर अडकवून ठेवलेला पाना अशा वेळी हात मोडतो. गाडी न्यूट्रलमध्ये असावी, पाना काढलेला असावा आणि हवा कमी दाबापासून हळूहळू वाढवावी.

दोन्ही परिस्थितींत हेड उतरणारच आहे, हे खरे. मग एवढी चौकशी कशाला, असे आपण म्हणाल. गॅस्केट असेल तर हेडचे फेसिंग करून (तळ घासून सपाट करून), नवीन गॅस्केट घालून काम संपते; व्हॉल्व्ह असतील तर हेड मशीन शॉपमध्ये जाते, आणि तेथे गेलेच तर त्या दोन जागी कडक धातूच्या बैठका ठोकून घ्याव्यात. खर्चाचा अंदाज आधी कळतो आणि आपल्याला नको असलेले पिस्टन कोणी विकत नाही.

प्रश्न : माझी जुनी गाडी सीएनजी आणि पेट्रोल अशा दोन्हींवर चालते. कम्प्रेशन तपासताना वेगळे काही करावे लागते का? – एक वाचक, मीरा रोड

उत्तर : होय. डिकीतल्या टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा, नळीत उरलेला गॅस संपून इंजिन बंद पडेपर्यंत ते गॅसवर चालवावे आणि मग बटण पेट्रोलकडे करावे. यानंतर पेट्रोल आणि ठिणगी बंद करण्याची वर दिलेली रीत आहेच. गॅसचा जोड, रेग्युलेटर किंवा दाबाची नळी मात्र आपण सोडवू नये; टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो आणि ते काम परवानाधारकाचे आहे. केवळ गॅसवर चालणाऱ्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात, तेव्हा कोल्हापूरच्या पत्राचे उत्तरही वाचून ठेवावे.

प्रश्न : हाच मीटर आमच्या जुन्या डिझेल जीपला लावता येईल का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : लावू नका. पेट्रोल गाडीच्या मीटरचा काटा बहुधा ३०० पीएसआयला संपतो आणि डिझेल इंजिनात चांगल्या स्थितीत ४०० च्या आसपास दाब येतो. मीटर फुटून काच व जोड अंगावर येतात. डिझेलचा मीटर वेगळा, जाड नळीचा आणि मोठ्या मापाचा असतो व तो इंजेक्टरच्या किंवा हीटर प्लगच्या जागी त्या इंजिनासाठीच्या जोडानेच बसवावा लागतो. इंजेक्शन पंपाचे डिझेल बंद केल्याशिवाय सेल्फ मारू नये, कारण येथे पेटण्यासाठी ठिणगी लागत नाही, दाबच पुरतो. त्याच कारणाने डिझेल इंजिनात तेल टाकून परीक्षा कधीही करू नये : तेल स्वतःच पेट घेते, आणि दबण्याची जागा मुळातच इतकी लहान असते की चमचाभर तेलही पिस्टनच्या वाटेत अडसर होऊ शकते. सावंतवाडीत किंवा पुढे म्हापसा-पणजीत डिझेल पंपाचे काम करणाऱ्यांकडे हे साधन असण्याची शक्यता अधिक. घरी करण्याजोगी ही तपासणी नव्हे.

प्रश्न : पनवेलला असताना माझ्या गाडीचे चारही सिलिंडर १४० दाखवत. बदली झाल्यावर महाबळेश्वरला तपासले तर चारही १२० वर आले. घाट चढून इंजिन इतके झिजले का? शिवाय बॅटरी उतरलेली असेल तर गाडीच्या हॅण्डलने फिरवून तपासणी केली तर चालेल का? – एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : इंजिन झिजलेले नाही, हवा विरळ आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे वातावरणाचा दाब पनवेलच्या मानाने साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. इंजिन जेवढी हवा आत घेईल तेवढीच दाबणार. १४० चे १५ टक्के वजा केले तर ११९ उरतात. चारही सिलिंडर एकाच प्रमाणात उतरले, हीच त्याची खूण आहे. नोंदवहीत आकड्याशेजारी गावाचे नावही लिहीत जावे.

हॅण्डलने तपासणी करू नये. प्लग काढल्यावर हॅण्डल हलके फिरते हे खरे, पण हाताने सेल्फच्या निम्मा वेगही मिळत नाही आणि दाबलेली हवा रिंगांजवळून निसटायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे आलेला आकडा कशाशीच जुळवता येत नाही. मीटरच्या सिलिंडरपाशी हॅण्डल अचानक जड होऊन निसटले तर मनगटाला मार बसतो तो वेगळाच. बॅटरी भरून घ्या आणि पुन्हा तपासा.